‘सांत्वन करा’ की ‘धीर द्या’?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बाईंचं ऑपरेशन आहे. तरुण संघातली मुलं त्यांच्यासाठी कार्ड करतायत. त्यावर बायबलमधल्या १ थेस्सलनीकाकरांस ५:११ मधलं (थेस्सलनीकेच्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेलं पहिलं पत्र) ‘एकमेकांचे सांत्वन करा व एकमेकांची उन्नती करा’ हे वचन घालायचं ठरलं, तर एकजण म्हणाला, ‘अरे, सांत्वन काय? त्या जिवंत आहेत!’ दुसऱ्याने ‘उत्तेजन’ सुचवलं, तिसऱ्याने ‘प्रोत्साहन’. मग खरा शब्द कोणता? आणि पवित्र शास्त्रात ‘सांत्वन’ आलं ते चुकून का?

चुकून नाही आलेलं. पण त्या मुलाचंही काही चुकलेलं नाही.

माझाच किस्सा सांगतो. प्रार्थनासभेतल्या एका मित्राची नोकरी गेली होती. मी शास्त्रातल्या भाषेच्या नादात त्याला निरोप धाडला, ‘संध्याकाळी तुझं सांत्वन करायला आम्ही चौघं येतोय.’ दोन मिनिटांत त्याचा फोन. घाबऱ्या आवाजात विचारतो, ‘कोण गेलं रे?’ आजच्या मराठीत सांत्वन म्हटलं की कोणीतरी गेलेलं असतं. सांत्वनाला जायचं असतं, सांत्वनपर भेट असते, आणि तिथे आवाज खाली आणून बोलायचं असतं.

शब्दाचं मूळ मात्र फार वेगळं आहे. संस्कृतात सान्त्व् म्हणजे गोड बोलून शांत करणे, रुसलेल्या-रागावलेल्याची समजूत काढणे. साम, दान, दंड, भेद यांतल्या ‘साम’चा पर्याय म्हणून अमरकोशात सान्त्व दिलंय. म्हणजे हा शब्द राजनीतीतही वावरणारा. समोरचा चिडलाय, त्याला गोडीगुलाबीने घ्या. तिथून तो दुःखितांकडे आला आणि मराठीत शोकाच्या घरीच मुक्कामाला राहिला. (जाता जाता, मराठीत ‘सांत्वन’ नपुंसकलिंगी आहे. ‘सांत्वना दिली’ हे हिंदीचं वळण. आपण कोणाचं सांत्वन करतो.)

नवा करार मुळात ग्रीकमधला. आता ज्या ग्रीक शब्दासाठी ‘सांत्वन’ वापरलंय त्याच्याकडे येऊ. क्रियापद आहे पाराकालेओ. ‘पारा’ म्हणजे बाजूला, जवळ. ‘कालेओ’ म्हणजे हाक मारणे. जवळ बोलावणे हा सरळ अर्थ, आणि त्यातून विनवणी करणे, आग्रहाने सांगणे, हुरूप देणे, दुःखात धीर देणे हे सगळे अर्थ फुटले. नव्या करारात हे क्रियापद शंभराहून जास्त वेळा येतं. एवढा पसारा पेलणारा एकच शब्द मराठीत नाही. त्यामुळे भाषांतरकाराला जागोजागी निवड करावी लागली, आणि ती किती अवघड होती ते याच अध्यायात दिसतं.

११व्या वचनात या क्रियापदाचं ‘सांत्वन करा’ झालंय. तीनच वचनं पुढे, १४व्यात, पौल ‘आम्ही तुम्हाला बोध करतो’ असं म्हणतो. मुळात क्रियापद तेच! एका ठिकाणी सांत्वन, दुसऱ्या ठिकाणी बोध. मराठी वाचकाला या दोन शब्दांचं नातं दिसायला काही वाव नाही. बोध म्हटलं की आपल्याला गोष्टीच्या शेवटचं तात्पर्य आठवतं, किंवा बोट उगारून बसलेलं कोणीतरी. मंडळीच्या मराठीत त्याला अजून जुना अर्थ आहे, पण नव्याने येणाऱ्याला तो ठाऊक नसतो. इब्री लोकांस पत्रात एकमेकांना रोज बोध करा असं सांगितलंय. ते वाचून ‘म्हणजे रोज एकमेकांना उपदेशाचे डोस पाजायचे?’ असं मला एका मुलीने विचारलं होतं. मुळातलं क्रियापद हेच, जवळ बोलावण्याचं.

आणि पहिल्या मंडळीतला बर्णबा! त्याच्या नावाच्या अर्थातही याच क्रियापदापासूनचा शब्द आहे. त्याचं खरं नाव योसेफ, कुप्र (सायप्रस) बेटावरचा लेवी, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशातला. प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हणायला सुरुवात केली, आणि मराठी शास्त्रात त्याचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिलाय. ऐकायला हा फार गंभीर, पांढऱ्या दाढीचा माणूस वाटतो. प्रत्यक्षात प्रेषितांची कृत्ये वाचा. आधी मंडळीचा छळ करणारा शौल, म्हणजेच पुढचा पौल, बदललाय यावर यरुशलेमेतल्या शिष्यांचा विश्वास बसत नव्हता, सगळे त्याला भीत होते. तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेणारा हाच. पुढे योहान मार्क वाटेतून परत गेला म्हणून पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नव्हता, तर त्यावरून पौलाशी वाजलं तरी मार्कला सोबत घेऊन जाणाराही हाच. अशा माणसाला आपण घरात बोधपुत्र म्हणू का? मला तर ‘धीर देणारा’ हेच त्याचं नाव वाटतं.

मग ११व्यात सरळ ‘धीर द्या’ का नाही केलं? कारण १४व्या वचनात ‘धीर’ आधीच खर्ची पडलाय. ‘जे अल्पधीराचे आहेत त्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या’. तिथे ग्रीकमध्ये दुसरंच क्रियापद आहे, पारामुथेओमाइ, म्हणजे जवळ बसून बोलत राहणे. लाजराच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया यांच्या घरी लोक आले होते, तिथेही हेच क्रियापद आहे. ‘अल्पधीर’ हा तर फार सुंदर शब्द सापडलाय. ग्रीकमध्ये ओलिगोप्सुखोस, शब्दशः ‘थोडक्या जिवाचा’. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. थोडक्या जिवाच्या माणसाला मराठीत धीरच द्यायला हवा, दुसरं काही शोभलं नसतं.

दुसरं कारण त्याहून वजनदार आहे. थेस्सलनीकेतली मंडळी नवी होती. हे पत्र साधारण इ.स. ५० च्या सुमाराचं, पौलाच्या पत्रांतलं बहुधा सर्वांत जुनं. त्यांच्यातले काहीजण मरण पावले होते, आणि प्रभू येशू पुन्हा येईल तेव्हा या गेलेल्यांचं काय, ही राहिलेल्यांची काळजी होती. चौथ्या अध्यायाच्या अखेरीस पौल त्याचं उत्तर देतो आणि शेवट करतो तो या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा असं सांगून. तिथे शोकच आहे, सांत्वन तिथे चपखल बसतं. मग पाचव्यात जागे राहा, सावध राहा म्हणत तो पुन्हा त्याच क्रियापदावर येतो. जाणूनबुजून तीच ओळ दुसऱ्यांदा. भाषांतरकाराने दोन्हीकडे एकच शब्द ठेवला म्हणून हा धागा मराठीत टिकला. सोप्या मराठीत ‘धीर द्या’ वाचायला बरं वाटतं, पण धागा सुटू नये तर मग ‘धीर’ दोन्हीकडे हवा.

‘उत्तेजन’ आणि ‘प्रोत्साहन’ मला दोन्ही नकोत. उत्तेजनात तेज करणं, धार लावणं आहे. शिवाय शाळेपासून आपण ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस पाहिलंय, म्हणजे नंबर न आलेल्याला दिलेलं. ऑपरेशनला निघालेल्या बाईंना उत्तेजनार्थ काही देऊ नका. प्रोत्साहनाला सरकारी योजनेचा वास येतो. ‘दिलासा’ चांगला होता. फारसीतून आलेला, मनाला निववणारा. पण आता पाऊस पडला की दिलासा, व्याजदर उतरला की दिलासा. वर्तमानपत्रांनी त्याचा पार चोथा केला.

राहिला धीर. याचं व्याकरणच बघा. सांत्वन ‘करायचं’ असतं, कोणाचं तरी. करणारा वर, ज्याचं होतंय तो खाली. धीर मात्र ‘द्यायचा’ असतो, कोणाला तरी, आणि घेणाऱ्याने तो ‘धरायचा’ असतो. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणारी वस्तू असावी तसा. तो येतो, वाटतो, खचतो, सुटतो. आणि एक गंमत: ‘धीर धरा’ म्हणण्याने धीर दिला जात नाही. तो नुसता हुकूम झाला. ‘तू आलास, धीर आला’ असं आपण म्हणतो, ‘तू बोललास’ असं सहसा म्हणत नाही. जुन्या करारातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

पाराकालेओमधली ती ‘जवळ’ मराठीत आणखी एका शब्दाने राखलीय, तो म्हणजे ‘कैवारी’. योहानाच्या शुभवर्तमानात येशू पवित्र आत्म्याला पाराक्लेटोस (त्याच क्रियापदातून, जवळ बोलावलेला) म्हणतो, आणि आपल्याकडे ‘दुसरा कैवारी’ असं आलंय. ‘दुसरा’ का, तर पहिला तो स्वतः. योहानाच्या पहिल्या पत्रात (२:१) तोच शब्द येशूसाठी येतो आणि मराठीत तिथेही ‘कैवारी’च आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात शुभवर्तमानात ‘कम्फर्टर’ आणि पत्रात ‘अ‍ॅडव्होकेट’ असे दोन वेगळे शब्द पडले, त्यामुळे तिथे हा दुवा तुटला. आपला टिकला. ज्याने कैवारी निवडला त्याला मी मनोमन दाद देतो. दीनांचा कैवारी, अनाथांचा कैवारी हे मराठी कानाला सांगावं लागत नाही. कैवार घेणारा लांबून शुभेच्छा पाठवत नाही, येऊन बाजूला उभा राहतो.

तर कार्डाचं. वचन छापायचं असेल तर छापील आहे तसंच छापा, आपल्या मनाने शब्द बदलून खाली संदर्भ घालू नका. पण या प्रसंगाला ११वं वचन मी घेणार नाही. त्या बाईंना सांत्वन हा शब्द टोचेलच, आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्यांना ग्रीक समजावायला कोणी बसणार नाही. शिवाय ते वचन त्यांच्यासाठी नाहीच, ते तुम्हा मुलांना सांगितलेलं काम आहे. कार्डावर तुमच्याच शब्दांत लिहा: ‘मावशी, उद्या सकाळी आम्ही बाहेर बसलेलो आहोत.’ खाली सगळ्यांची नावं. आणि मग खरंच जाऊन बसा, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन, कारण अशी ऑपरेशनं सांगितलेल्या वेळेला सुरू होत नाहीत.