नर्सिंगच्या पहिल्या वॉर्ड पोस्टिंगला नेमकं कसं वागायचं?

तू ऐरोलीची, जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, पुढच्या महिन्यात ठाण्यात पहिली वॉर्ड पोस्टिंग. 'प्रोफेशनल कंडक्ट'च्या लेक्चरला केस, नखं, बूट आणि 'वॉर्डात हसायचं नाही' एवढंच सांगितलं, म्हणून तू विचारतेस की खरं वागायचं कसं, आणि नातेवाइकांनी काही विचारलं तर काय बोलायचं. मी सरकारी रुग्णालयातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले, आता विद्यार्थिनींच्या क्लिनिकलला जाते. तू माझ्या मुलीपेक्षा लहान असशील, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

केस-नखं आधी उरकते. सांगितलं त्यात चूक काही नाही, पण कारण न देता सांगितलं की ते शाळेतल्या पी.टी.च्या तासासारखं वाटतं. नखं वाढलेली असली की त्याखालची घाण हात धुऊनही निघत नाही. अंगठी, बांगड्या, मनगटावरचा दोरा यांचंही तेच. दोरा काढायला मुली कुरकुरतात. पर्समध्ये ठेव, देव रागावत नाही. साबणाने हात धुवायचे ४० ते ६० सेकंद, हँडरबने चोळायचे २० ते ३० सेकंद, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदा बेसिनपाशी उभी राहून मोज, म्हणजे ४० सेकंद किती लांबतात ते कळेल. आणि युनिफॉर्म घालून लोकलने येऊ-जाऊ नकोस. ठाणे-वाशी गाडीत सकाळी युनिफॉर्ममधल्या मुली बघते तेव्हा माझा जीव वरखाली होतो. वॉर्डातलं घरी जातं आणि गाडीतलं वॉर्डात येतं. कपडे बदलायला जागा नसेल तर सगळ्या जणींनी मिळून मॅडमकडे मागा, एकटीने मागितलं तर टोलवतात.

हसायचं नाही हे मात्र मला कधीच पटलं नाही. कॉटपाशी उभं राहून आपापसात खिदळायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. चार दिवस पडून असलेल्या आजीला हसून 'झोप लागली का रात्री?' विचारणं हे कामच आहे.

आता मुद्द्याचं. मी विद्यार्थिनीला दोनच गोष्टींवर जोखते. जे केलं तेवढंच ती लिहिते का? आणि जे झालं ते लगेच सांगते का? बाकी सगळं शिकवता येतं.

पहिल्या दिवशी तुझ्या हातात टीपीआर बुक देतील. ताप, नाडी, श्वास. ते उघड आणि श्वासाचा रकाना वरून खाली वाच. बऱ्याच वॉर्डांत २०, २०, १८, २०, २० अशी ओळ दिसेल. अख्खा वॉर्ड एका लयीत श्वास घेत नसतो गं. तापाला थर्मामीटर लावावाच लागतो, नाडीला हात लावावा लागतो. श्वासाला मात्र काहीच लावायचं नसतं, फक्त पूर्ण एक मिनिट उभं राहायचं असतं, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं. म्हणून तो अंदाजपंचे लिहिला जातो. कोविडनंतर तर बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९६ दिसलं, की झालं काम. पण माणूस बिघडायला लागला की बहुधा श्वासाचा वेग आधी वाढतो. तो वेग वाढवूनच शरीर ते ९६ काही वेळ सांभाळून ठेवतं. आकडा घसरेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

मोजायचं कसं ते सांगते. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. तसंच धरून तो हात पेशंटच्या छातीवर आडवा ठेवायचा, नजर घड्याळावर ठेवायची आणि छातीचं वर-खाली मोजायचं. 'श्वास मोजते हं' असं म्हणालीस की पेशंट लगेच दीर्घ श्वास घ्यायला लागतो, मग आकडा खरा येत नाही. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० धरतात.

एकदा पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात तापासाठी आलेले एक काका होते, तुर्भ्याला एमआयडीसीत वॉचमन. पहिल्या वर्षाच्या मुलीने त्यांचे ३२ मोजले. सकाळच्या नोंदीत २०. ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली, 'सिस्टर, माझंच चुकलं असेल, सगळ्यांचे वीस आहेत.' मी म्हटलं, चल. दोघींनी परत मोजले, ३२च. काका बोलताना चार शब्दांवर थांबत होते, पुन्हा दम घेऊन पुढचे चार. ऑक्सिमीटर ९५ दाखवत होता. डॉक्टरांना बोलावलं, एक्स-रे झाला, न्यूमोनिया निघाला. दुपारी ऑक्सिजन लावावा लागला, पण वेळेत लागला, आणि काका पुढे चालत घरी गेले. त्या मुलीचं इंजेक्शन देणं तेव्हा यथातथाच होतं, बोलणं तर कान देऊन ऐकावं लागायचं, इतकं हळू. तरी त्या बॅचमध्ये मी तिलाच वर धरलं. तिने २० लिहून टाकलं असतं तर कुणी तिला विचारलंही नसतं.

मोजायचं राहिलं तर रकाना मोकळा ठेव आणि सांग, 'सिस्टर, सात नंबरचं राहिलंय.' ओरडा खाशील. खा. मोकळा रकाना दिसतो तरी; खोटा आकडा दिसतच नाही.

औषधांचं तुला पाच मुद्द्यांत शिकवलं असेल: पेशंट योग्य, औषध योग्य, मात्रा, मार्ग, वेळ. यातला पहिलाच सगळ्यात जास्त फसवतो. ठाणे-नवी मुंबईच्या वॉर्डात दोन-तीन पाटील असणारच, आणि त्यात दोन सुनीता पाटील निघाल्या तर नवल नाही. 'तुम्ही सुनीता पाटील ना?' असं कधी विचारू नकोस. गुंगीतलं किंवा कमी ऐकू येणारं माणूस कशालाही 'हो' म्हणतं. 'तुमचं पूर्ण नाव काय?' असं विचार, त्यांना बोलू दे, मग केस पेपरवरच्या नंबराशी ताडून बघ. कॉट नंबरावर विसंबायचं नाही, पेशंट पंख्याखाली जागा मिळाली की आपापसात कॉट बदलतात. आणि कुणी कितीही घाईत म्हणालं, 'जा गं, एवढं इंजेक्शन देऊन ये,' तरी स्टाफ सिस्टर किंवा मॅडम शेजारी असल्याशिवाय सुई लावायची नाही. फोनवरची ऑर्डर तर विद्यार्थिनीने घ्यायचीच नाही. 'सिस्टर, मी स्टुडंट आहे, तुम्ही सोबत या' हे वाक्य आरशासमोर म्हणून बघ हवं तर. पहिल्यांदा तोंडातून निघत नाही.

नातेवाईक. ते तुलाच विचारणार, कारण तू तरुण दिसतेस, थांबतेस आणि डॉक्टरांसारखी पळत नाहीस. 'रिपोर्टात काय आलं? काही सिरियस तर नाही ना?' तू रिपोर्ट वाचलेला असलास, तुला अर्थ कळलेला असला, तरी सांगणं तुझं काम नाही. पण 'मला माहीत नाही' म्हणून पाठ फिरवायचीही नाही. 'मी विद्यार्थिनी आहे, सिस्टरना विचारून सांगते' असं म्हण आणि खरंच विचारून परत ये, मग उत्तर 'डॉक्टर राऊंडला बोलतील' एवढंच का असेना. बहुतेक मुली पहिला अर्धा भाग करतात, परत यायचं विसरतात. नातेवाइकांची भांडणं तिथूनच सुरू होतात.

काही गोष्टी तर नवरा, आई, भाऊ कुणी विचारलं तरी सांगायच्या नाहीत. एचआयव्हीची माहिती पेशंटच्या संमतीशिवाय उघड करण्याविरुद्ध २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. मानसिक आजाराच्या गुप्ततेचा हक्क त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. पुढे तुझी ठाण्याच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग लागू शकते. १९०१ पासूनची संस्था आहे ती, ठाणेकरांनी तिच्यावर विनोद करून करून तिचं नावच टिंगलीचं करून टाकलंय. तिथे तुला शेजारच्या बिल्डिंगमधले काका दिसले, तर ते घरी आईलासुद्धा सांगायचं नाही, आणि उद्या जिन्यात भेटले तर नेहमीसारखं 'काय काका' म्हणून पुढे जायचं. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, गाडीत केसची चर्चा नको. केस स्टडीत पूर्ण नाव नको. जखमेचा फोटो मोबाइलवर तर मुळीच नको. युनिफॉर्ममधल्या रील्सबद्दल मी म्हातारी बोलले की मुली तोंड वाकडं करतात, पण मागे कॉटवर कोण दिसतंय याचं भान एकीलाही नसतं.

दीपप्रज्वलनाला तुम्ही मेणबत्त्या घेऊन शपथ म्हणाल. सगळ्यांना वाटतं ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी लिहिली. त्यांनी नाही लिहिली, ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली आणि त्यांचं नाव दिलं गेलं. पण कामात कळलेल्या खासगी गोष्टी मनातच ठेवीन, हे तिच्यात तेव्हापासून आहे.

आता सुई टोचली तर. हे वाचून दचकू नकोस, पण मुली हेच सगळ्यात जास्त लपवतात, कारण 'तुझंच लक्ष नव्हतं' हे ऐकावं लागेल अशी भीती. वापरलेल्या सुईला टोपण परत घालायचं नाही, ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. तरी टोचली तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. आणि त्याच मिनिटाला सिस्टरना सांगायचं. एचआयव्हीची शक्यता असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करतात, ७२ तास उलटून गेल्यावर त्यांचा उपयोग धरत नाहीत, आणि घ्याव्या लागल्या तर २८ दिवस. लपवण्यात घालवलेली रात्र याच तासांतून वजा होते. रागावणारी सिस्टर दोन तासांत शांत होते, गं.

बेडपॅनबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. 'शिकायला आलो की हे करायला?' असं बारावी सायन्स झालेल्या मुलींना वाटतं. मावशींचं काम आणि आपलं काम वेगळं आहे हे खरं, पण मावशी नसतील आणि आजीला लागली असेल तर आपण द्यायचा. देताना पाठ बघायची. माकडहाडाशी लालसर डाग दिसला आणि दाबल्यावरही पांढरा पडला नाही, तर बेडसोर सुरू झालाय, लगेच सांगायचं. हलता न येणाऱ्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. परळच्या केईएम रुग्णालयात तिथलीच नर्स अरुणा शानबाग १९७३ मध्ये तिच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत अंथरुणावर होती आणि तिथल्या सिस्टरांनी तिला बेडसोर होऊ दिले नाहीत. हे कुठल्या यंत्राने झालेलं नाही, पाळीमागून पाळी कुणीतरी कूस बदलली आणि पुढच्या पाळीला सांगितलं, म्हणून झालं. आमच्या पिढीत ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, आळस केला की जुन्या सिस्टर तिचंच नाव घ्यायच्या.

याचा अर्थ तुला फुकटची मजूर म्हणून राबवलं तरी गप्प बस, असा नाही. चादरी मोजणं, सॅम्पल लॅबला नेणं, रजिस्टरला रेघा मारणं यातच दिवस गेले तर कॉलेजच्या मॅडमना सांग. नर्सिंग कौन्सिलच्या नियमात दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका धरली आहे. कागदावर धरलेली वॉर्डात दिसत नसेल तर विचारायला हवं. इन्चार्ज सिस्टर पेशंटसमोर ओरडल्या तर तिथे उलट बोलू नकोस, ओव्हर झाल्यावर एकट्या असतील तेव्हा जाऊन बोल. निम्म्या वेळा त्या विसरलेल्या असतात. कुणी अंगचटीला आलं, मग तो डॉक्टर असो, वॉर्डबॉय मामा असो की पेशंटचा नातेवाईक, तर मात्र ओव्हरची वाट बघायची नाही. २०१३ च्या कायद्याने तक्रार समिती असते, तिच्याकडे लेखी दे, एक प्रत स्वतःकडे ठेव.

प्रसूती कक्षाबद्दल एकच. तिथे कळा देणाऱ्या बाईला ओरडणं, मांडीवर चापट मारणं हे तुझ्या कानावर, डोळ्यांवर येईल, 'त्याशिवाय ऐकत नाहीत' असंही सांगतील. ऐकतात. शहापूर-मुरबाडकडून आलेली पहिलटकरीण असो की जवळच्या दिवा गावची, तिचा हात धरून 'आता श्वास सोड, आता थांब' सांगितलं की ऐकते. सन्मानाने वागवण्याची अट २०१७ पासून प्रसूती कक्षांसाठीच्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातच आहे, पण ती नसती तरी तुला चापट मारायचं कारण नव्हतं. मुलगा झाला म्हणून कुणी हातात नोट कोंबायला आलं तर हात मागे घे आणि पेढा तेवढा घे.

जाण्याआधी दोन कामं कर. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर आजच सुरू कर; तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, त्यामुळे पोस्टिंगच्या आदल्या दिवशी जाग आली तर उपयोग नाही. कॉलेज देतं का विचार, नाहीतर तुमच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात चौकशी कर. आणि सेकंद काट्याचं घड्याळ घे, युनिफॉर्मला पिनने लावायचं. मोबाइलवर मोजेन म्हणू नकोस, मोबाइल लॉकरमध्ये राहणार आहे.