नागपूरच्या थंडीसाठी घर कसं तयार करावं?

तुम्ही विचारलंय की मुंबईहून नागपूरला आलोय, घरात आई आणि सहा महिन्यांचं बाळ आहे, थंडीची तयारी काय करू? इथली थंडी हलक्यात घेऊ नका. 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांवर आला होता.

सगळ्यात आधी खिडकीतला कूलर काढा. इथे बरेच लोक तो वर्षभर तसाच ठेवतात आणि रात्रभर त्याच्या जाळीतून गार वारा खोलीत येत राहतो. काढता येत नसेल तर टाकीतलं पाणी काढून, गवताच्या ताट्या वाळवून, आतल्या बाजूने जाड प्लायवूड किंवा थर्माकोल घट्ट बसवा. एवढ्यानेच खोलीत फरक जाणवेल. उत्तरेकडच्या दारांच्या फटीही जुन्या चादरीच्या गुंडाळीने बुजवा. दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे मात्र दुपारी उघडे ठेवा, हिवाळ्यात ऊन तिकडूनच आत येतं. फरशीवर सतरंजी अंथरा, गाद्या-रजया गच्चीवर उन्हात टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. गॅस गीझरचंही तेच. तो बाथरूमच्या आत असेल तर बाहेर हवेशीर जागी हलवून घ्या. तोवर आईंना आणि बाळाला पाणी गॅसवर तापवून द्या.