मीठ वाफ्यात नको, बादलीत टाका

रात्रीत पालकाची चाळण झाली असेल आणि सकाळी मातीवर चकचकीत रेघ दिसत असेल, तर ते काम गोगलगायीचंच, अळीचं नव्हे. शंखवाली असो की बिनशंखाची, उपाय तेच.

भरवशाचा उपाय जवळजवळ फुकट आहे. जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या मधे पसरा. रात्रभर चरून झालं की गोगलगायी ओलाव्याला त्याखाली शिरतात. ऊन यायच्या आत गोणपाट उलटा आणि चिमट्याने किंवा हातमोजे घालून वेचा. उघड्या हाताने नकोच. काहींच्या अंगातल्या जंतांमुळे माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. पालेभाजीही नीट धुऊनच खा. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या दाट पाण्यात बुडवा. वाफ्यातच मीठ फेकलंत तर माती खारावते आणि रोपंही जातात.

हे रोज करायचं, निदान जून ते सप्टेंबर. शंखी गोगलगाय एका खेपेला शंभराच्या वर अंडी घालू शकते, त्यामुळे कुंड्यांखाली आणि बांधाच्या भुसभुशीत मातीत पांढुरकी अंडी दिसली की तीही काढा.

वाफ्याभोवती चुन्याचा पट्टा चालतो, पण कोरडा असेपर्यंतच. एक सर आली की पुन्हा घाला. अंड्याच्या टरफलांवर माझा फारसा विश्वास नाही. आणि पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्या, म्हणजे रात्री माती वरून कोरडी राहते.