धुराचा रंग आधी कोणी सांगितला?

"पायलट नाही तर काहीच नाही." हे वाक्य माझ्या कर्वेनगरच्या समुपदेशनाच्या खोलीत मी वर्षातून पाच-सहा वेळा तरी ऐकते. कधी मुलगा म्हणतो, कधी मुलगी. बहुतेक वेळा आईवडीलच त्यांच्या वतीने सांगतात. नवल काहीच नाही. एनडीए, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, इथे खडकवासल्याला, लोहगावहून उडालेली सुखोई डोक्यावरून जाणार आणि प्रत्येक पेठेत एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या क्लासची पाटी. पुण्यातल्या पोराला आकाशाचं वेड लागायला आणखी काय हवं?

मागच्या वर्षीचा मुलगा बावीसचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हवाई दलाच्या म्हैसूरच्या निवड केंद्रावर मुलाखत, गटातली कामं, सगळं पार करून तो पायलटच्या संगणकीय चाचणीत, म्हणजे सीपीएसएसमध्ये अडकला. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. पुन्हा बसू देत नाहीत. त्यामुळे बारावीत नापास झालेल्या मुलाला 'पुरवणीला बस' म्हणता येतं, तसं इथे म्हणता येत नाही. आईवडील नेमके इथेच गोंधळतात. धीर द्यायला नेहमीची वाक्यंच उरलेली नसतात.

वडील आधी एकटे आले. "मॅडम, कॉलेजला जात नाही. रात्रभर अमेरिकन हेलिकॉप्टरचं वाचतो. तिथे कुठलीतरी निरीक्षकाची जागा होती म्हणे, पायलट नसून हेलिकॉप्टरात पुढे बसायचं. आपल्याकडे असतं का हो असं काही? की डोक्यावर परिणाम झालाय?"

मी विवेकनिष्ठ पठडीतली. घटनेपेक्षा तिला चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, यावर माझा पंचवीस वर्षांचा विश्वास आहे. पण मुलाने पहिल्या दोन भेटींत तोंडच उघडलं नाही, तेव्हा विश्वास घेऊन करायचं काय? तिसऱ्या भेटीत मी सरळ म्हटलं, "ते हेलिकॉप्टरचं मला काहीच कळत नाही. सांग बघू."

आणि पोरगा बोलायला लागला. टेहळणीचं छोटं हेलिकॉप्टर, कायोवा. उजवीकडे पायलट, डावीकडे निरीक्षक. हा निरीक्षक अधिकारी नसायचा, साधा सैनिक असायचा. पायलट झाडांच्या शेंड्यांलगत उडवणार, म्हणजे त्याला मान वळवायला सवड नाही. मांडीवर नकाशा घेऊन आपण नेमके कुठे आहोत ते निरीक्षकाने सांगायचं. शत्रूची वाहनं शोधायची, पूल शाबूत आहे का, उतरायला जागा आहे का ते बघायचं. तोफांचा गोळा कुठे पडला ते पाहून 'दोनशे मीटर उजवीकडे, शंभर पुढे' असं रेडिओवर कळवायचं. त्यासाठी काय लागतं? उड्डाणाच्या वैद्यकीय तपासणीत टिकणारं शरीर, निर्दोष रंगदृष्टी, नकाशा वाचायची पक्की सवय आणि न अडखळता बोलणारी जीभ. पुढच्या मॉडेलमध्ये तर पंख्याच्या वर चेंडूसारखी दुर्बीण बसवली, टेकडीआड लपून फक्त चेंडू वर काढायचा. अमेरिकेने ती हेलिकॉप्टरं २०१७ मध्ये निवृत्तही केली.

"बातमी कळवताना क्रम ठरलेला असतो," तो म्हणाला. "किती आहेत, काय करतायत, कुठे, कोण, किती वाजता, जवळ काय सामान आहे. आपल्याला काय वाटलं ते यात नसतं."

"मग म्हैसूरची बातमी दे की मला अशीच."

तो हसला. मग मोजूनमापून बोलायला लागला. "एक उमेदवार. एक चाचणी. म्हैसूर. सकाळची वेळ. पडद्यावरचं लक्ष्य हातापायांनी धरून ठेवायचं होतं, पुरेसं जमलं नाही." थांबला. "आणि मी नालायक आहे."

"हे शेवटचं कुठल्या रकान्यातलं?"

उत्तर आलं नाही. मलाही वाटलं, चतुर प्रश्न होता, पण लागला नाही. असे प्रश्न मुलांना पटतात आणि घरी जाईपर्यंत विरतात.

खरी गोष्ट पुढच्या आठवड्यात घडली, तीही सहज. निरीक्षकाला रंगदृष्टी कशासाठी लागते, एवढंच मी विचारलं होतं.

"धुरासाठी," तो म्हणाला. "व्हिएतनाममध्ये जंगलात आपली माणसं कुठे आहेत ते वरून कळायचं नाही. मग ते खालून रंगीत धूर सोडायचे. पण रंग रेडिओवर सांगायचे नाहीत. वरच्याने आधी सांगायचं, मला जांभळा दिसतोय. मग खालचे म्हणणार, बरोबर."

"आधी सांगितला तर काय बिघडतं?"

"शत्रूही ऐकत असतो ना मॅडम. तोही त्याच रंगाचा धूर सोडेल. आणि आपण भलत्याच ठिकाणी उतरू."

पंचवीस वर्षांत फार थोड्या वेळा एखादा प्रश्न माझ्याकडे असा चालत आला असेल. मी विचारलं, "म्हैसूरहून आलास तेव्हा रंग आधी कोणी सांगितला?"

तो बराच वेळ खिडकीकडे बघत बसला. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. अशा शांततेत समुपदेशकाने हात बांधून बसावं, हे मला उशिरा कळलेलं शहाणपण आहे.

"बाबांनी," तो म्हणाला. "पुणे स्टेशनवर. बॅग घेतली आणि म्हणाले, संपलं म्हणजे सगळं." मग हळू आवाजात, "त्याआधी गाडीत मला फक्त झोप येत होती. वाईट वाटत होतं, पण संपलंय असं नव्हतं वाटलं."

इथे वडिलांना खलनायक करू नका. पोराला पाचवीपासून स्कूटरवर बसवून खडकवासल्याचं संचलन दाखवायला नेणारा माणूस तो. स्टेशनवर त्याचं स्वतःचंच काहीतरी मोडलं होतं. पुढच्या भेटीत मुलाने त्यांच्यासमोर हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मी असं म्हणालो?" त्यांना आठवतही नव्हतं.

तर पालकहो, निकाल लागल्यावर पहिले दोन दिवस विशेषणं तोंडात ठेवा. 'संपलं', 'वाया गेलं' तर नकोच, पण 'काही बिघडत नाही'सुद्धा नको. तोही तुम्ही आधी सांगितलेला रंगच. विचारायचंच तर 'काय झालं तिथे?' एवढं विचारा आणि गप्प बसा. दोन-तीन आठवडे मूल खिन्न राहणार, राहू द्या. पण झोप, जेवण सुटलं किंवा मरणाची भाषा आली, तर माझ्यासारखीकडेही थांबू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

आणखी एक, जरा रागाने. क्लासची फी भरण्याआधी पोराचे डोळे तपासा आणि टेप घेऊन मापं घ्या. हवाई दलाच्या पायलटसाठी पायाची लांबी किमान ९९ सेंटिमीटर आणि कमाल १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, मांडीची लांबी फार तर ६४ सेंटिमीटर लागते. वर्षभर पैसे भरून झाल्यावर रंगांधळेपणा कळलेली मुलं माझ्यासमोर रडली आहेत.

वडिलांच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही द्यायला हवं. अमेरिकेसारखा सैनिक दर्जाचा निरीक्षक आपल्या लष्करी हेलिकॉप्टरात नसतो. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी एव्हिएशनमध्ये, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या हवाई शाखेत, चीता हेलिकॉप्टरातून तोफखान्यासाठी टेहळणी होते, पण ती करणारे अधिकारी स्वतःच वैमानिक असतात, नाशिकला शिकलेले. नौदलात मात्र निरीक्षक ही अधिकाऱ्यांची स्वतंत्र शाखा आहे, जाहिरातीत आता तिला 'नेव्हल एअर ऑपरेशन्स ऑफिसर' म्हणतात. कोचीला प्रशिक्षण होतं, आणि विमानातली रडार, सेन्सर, शोधमोहिमेची आखणी त्यांच्याकडे असते. २०२० मध्ये दोन महिला अधिकारी युद्धनौकेवरच्या हेलिकॉप्टरांसाठी याच कामावर निवडल्या गेल्या. अटी ज्या त्या वर्षीच्या जाहिरातीत स्वतः वाचाव्यात, क्लासवाल्याच्या तोंडून नव्हे.

ही माहिती मी मुलाला दिली नाही. त्यानेच काढून आणली, शेवटच्या भेटीत, छापील जाहिरातीवर पेन्सिलने खुणा करून. वडील शेजारी बसले होते. "म्हणजे चालवणार दुसराच?" त्यांनी विचारलं. मुलाने माझ्या टेबलावरचा कागद ओढला, हेलिकॉप्टर काढलं आणि कोण कुठे बसतं ते दाखवायला लागला. बाहेर पुढचे लोक येऊन बसले होते. मी त्यांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं.