नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेस

इंदूरच्या शाळेत तुम्ही नुकत्याच रुजू झाला आहात, म्हणून याच शहरात तीस वर्षे शिकवल्यावर जे सांगावेसे वाटते ते लिहिते. मुलांवर हात उगारणे तर दूरच, पण चारचौघांत त्यांना घालूनपाडून बोलणेही टाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि हा दुसरा भागच आपण शिक्षक सोयीस्करपणे विसरतो. मी स्वतः एकदा वही न आणलेल्या मुलाला ‘घरी वह्या नाहीत का?’ असे भर वर्गात विचारले होते. तो काहीच बोलला नाही, दप्तराचा तुटका बंद बोटाला गुंडाळत उभा राहिला; घरी खरोखरच वह्यांपुरते पैसे नव्हते, हे मला नंतर कळले. तेव्हापासून असे प्रश्न मी मधल्या सुट्टीत, मुलाला बाजूला घेऊन विचारते.

रामबागेसारख्या आपल्या मराठी वस्तीत पालक हमखास ओळखीचे निघतात आणि ‘ताई, घरीच थोडे शिकवा ना’ अशी गळ घालतात. त्याच कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, तेव्हा पहिल्याच वेळी हसून, पण स्पष्ट नकार द्यावा. दिवाळीला आलेला चिवड्याचा डबा घ्यावा की नाही, यावर आमच्या शिक्षक-खोलीत कधीच एकमत झाले नाही. मी घेते आणि तिथेच सर्वांना वाटून टाकते. वर्गात मराठी घरच्या मुलाशीही हिंदीतच बोला, नाहीतर बाकीच्यांना तो तुमचा लाडका वाटू लागतो.