स्कॅनरवर घनता मोजायची तर शेजारी घनता माहीत असलेली पट्टी हवी

प्रश्न : मी इंकजेटवर मॅट कागदावर कृष्णधवल छायाचित्रं छापतो. डेन्सिटोमीटर (छापलेल्या भागाची घनता, म्हणजे काळेपणा, मोजणारं यंत्र) नाही, म्हणून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची चाचणीपट्टी छापून फ्लॅटबेड स्कॅनरवर मोजली. पुन्हा स्कॅन केलं की आकडे बदलतात, आणि शेवटच्या गडद पायऱ्या जवळपास सारख्याच येतात. दोष स्कॅनरचा की प्रिंटचा?

उत्तर : आकडे बदलतात ते बहुधा ऑटो एक्स्पोजरमुळे. निवडीची चौकट जराशी सरकली तरी सॉफ्टवेअर उजळ-गडद टोकं नव्यानं ठरवतं. ते बंद करा. शार्पनिंग आणि रंगसुधारणाही. दिवा तापू द्या, मगच स्कॅन करा.

गडद पायऱ्यांचं दुखणं मात्र खोल आहे. घनता लॉगरिदमिक असते, म्हणजे ती १ नं वाढली की परतणारा प्रकाश दहापट घटतो : १.० म्हणजे कागदावरून १० टक्के प्रकाश परततो, २.० म्हणजे फक्त १ टक्का. ८ बिटच्या लिनियर स्कॅनमध्ये (प्रकाशाच्या प्रमाणात ० ते २५५ एवढेच आकडे) १.९ ते २.१ एवढा फरक जेमतेम एका आकड्यात उरकतो. १६ बिटच घ्या. शिवाय आजूबाजूच्या पांढऱ्या कागदावरचा प्रकाश काचेखाली फिरून काळ्या पायरीत मिसळतो आणि ती आहे त्याहून उजळ दिसते. काळ्या पुठ्ठ्याला खिडकी कापून पट्टीभोवतीचा सगळा पांढरा भाग झाका. हे काम लोक कंटाळ्यानं टाळतात, पण सावल्यांचं मोजमाप इथेच सुधारतं.

आता दोष कोणाचा? त्यासाठी घनता आधीच मोजलेली परावर्तन पट्टी लागते. कोडॅकच्या क्यू-१३ पट्टीवर ०.१० च्या अंतरानं २० पायऱ्या असतात. अशी पट्टी त्याच स्कॅनमध्ये, तशाच काळ्या चौकटीत ठेवा. तिच्या गडद पायऱ्यांचे आकडे वेगवेगळे आले आणि तुमच्या पायऱ्यांचे सारखेच, तर दोष प्रिंटचा. मॅट कागदाचा काळा साधारण १.६-१.७ पाशी थांबतो. पुढे शाई वाढवली तरी काळेपणा वाढत नाही, म्हणून शाईची मर्यादा खाली आणा. दोन्ही पट्ट्यांच्या गडद पायऱ्या सारख्याच आल्या तर स्कॅनरच तिथे थकला आहे, त्या भागातले आकडे धरू नका.

बाकी सोपं आहे. प्रत्येक पायरीच्या मधल्या भागाची सरासरी घ्या, घनता माहीत असलेल्या पट्टीचे स्कॅनरचे आकडे आणि तिची घनता यांचा आलेख काढा, आणि तुमच्या पायऱ्यांची घनता त्यावर वाचा. स्कॅनरचा आकडा थेट घनता म्हणून कधीच लिहू नका. आणि छापल्याबरोबर मोजायची घाई नको. शाई रात्रभर वाळू द्या.