टीव्हीचा आवाज कमी करा, काकू

पुण्यातल्या धनकवडीहून एका काकूंचं पत्र आलंय. मुलगा सुनेवर हात उचलतो. सून कमावती आहे, पण तिचं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. पीएमपी बसच्या तिकिटाचे पैसेसुद्धा ती रोज सकाळी त्याच्याकडून मागून घेते. रात्री आतल्या खोलीतून आवाज यायला लागले की काकू टीव्हीचा आवाज वाढवतात, ‘नातवाच्या कानावर नको म्हणून’. त्या विचारतात, ‘दोघांना समोर बसवून समजावू का? की तिला माहेरी पाठवू? फ्लॅट माझ्या नावावर आहे. मुलगा मनाने वाईट नाही हो, तापट आहे.’

काकू, नातू सहा वर्षांचा आहे. टीव्ही कधी मोठा होतो, हे त्याला एव्हाना पाठ झालं असेल. आणि तापट माणूस साहेबावरही हात उचलतो. तुमचा मुलगा उचलतो का?

समोरासमोर मुळीच बसवू नका. त्याच्यादेखत ती जे बोलेल, त्याची भरपाई रात्री तिलाच करावी लागेल. माहेरी धाडायचा निर्णयही तुमचा नाही, तिचा. फ्लॅट तुमच्या नावावर असला तरी ती तिथे संसार करते आहे. घर सासूसासऱ्यांचं असलं तरी सून तिथे राहण्याचा हक्क मागू शकते, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय.

कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा पैसे अडवून धरण्यालाही हिंसाच मानतो. त्यातली एक गोष्ट खास तुमच्यासाठी: या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं, सासूसुद्धा. प्रामाणिकपणे कळवलंत तर तुमच्यावर काही बालंट येत नाही. पण आधी तिला विचारा. घर सोडायच्या वेळी धोका सगळ्यात जास्त असतो, तेव्हा घाई नको.

181 ही महिला हेल्पलाइन. फोन तुमच्या मोबाइलवरून लावू द्या, तिचा मोबाइल तो तपासत असणार. शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो. लागलं-खुपलं तर डॉक्टरांना ‘जिन्यात पडले’ सांगू नका, खरं कारण केसपेपरवर येऊ द्या. आधार, पासबुक, नातवाचा जन्मदाखला शेजारच्या विश्वासातल्या घरी ठेवा. तुमच्या कपाटात नको, तिथे तो आधी बघेल. मारहाण चालू असेल तेव्हा मात्र विचारत बसू नका, 112 हा आपत्कालीन नंबर लावा. मुलगा आहे म्हणून बोट अडेल, कळतं मला.

येत्या गुरुवारी शंकर महाराजांच्या मठात दर्शनाला म्हणून तिला घेऊन निघा. ‘भांड्याला भांडं लागतंच’ हे तोंडातून येऊ देऊ नका. वाटेत एवढंच सांगा, ‘मला रोज सगळं ऐकू येतं गं.’ मग तिला बोलू द्या. नाही बोलली, तर पुढच्या गुरुवारी पुन्हा न्या.